पावणेतीन किलो बाजरीचं बाळ

इंदू सिस्टरचं बाळ दत्तूनं गिरणीत घालून दळलं, ही गोष्ट तुम्हाला आमच्या भागात कुणीही सांगेल. घोडेगावच्या स्टँडवर माझी गिरणी कुठं म्हणून विचारा, आधी ही गोष्ट ऐकावी लागेल, मग पत्ता मिळेल. तो दत्तू म्हणजे मी. सांगणारे हसत हसत सांगतात आणि निम्मी गाळतात. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सगळी सांगून टाकावी. एवढं आधीच बजावतो की चूक माझी नव्हती. दळणाच्या रांगेत जे ठेवलं ते दळायचं, हा गिरणीचा कायदा आहे.

आमचं गाव घोडेगावहून वर, डोंगराच्या अंगाला. गावात सरकारी उपकेंद्र आहे आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून माझी गिरणी. उपकेंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत इंदू सिस्टर राहते. बाळंतपणं, लसी, गोळ्या, सगळं तीच बघते. मूळची निमगाव साव्याची. लग्न झालं होतं, टिकलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर "न्हाई जमलं" म्हणते, तेही अशा आवाजात की जणू टोमॅटोला यंदा भाव नव्हता. भाऊबीजेला भावाकडे जाते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येते. काय हो सिस्टर, राहिला नाहीत? तर म्हणते, इथं एका बाईचं दिवस भरत आल्यात. अशी बाई दर भाऊबीजेला असतेच, हे गावाला ठाऊक आहे.

दरवर्षी नर्सिंग कॉलेजच्या पोरी तिच्याकडे शिकायला यायच्या. त्याला त्या पोस्टिंग म्हणायच्या. दोन-तीन पोरी, काही आठवडे. लांबलांबच्या असायच्या, आईबापाला सोडून पहिल्यांदाच डोंगरात आलेल्या. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून माझ्या गिरणीच्या ओट्यावर हात वर करून उभ्या राहायच्या. दळायला आलेल्या बायकांना वाटायचं, पोरींना काही शिक्षा झाली आहे. राहायला दुसरी सोय नाही, म्हणून सिस्टरच्याच एका खोलीत गाद्या पडायच्या.

पोरगी जीपमधून उतरली आणि "मॅडम, माझं नाव" म्हणाली की सिस्टर हात वर करायची. "नाव ऱ्हाऊ दे. जिल्हा सांग." झालं. त्या दिवसापासून ती पोरगी बीड, नाहीतर परभणी, नाहीतर लातूर. मग उपकेंद्रातनं आरोळ्या ऐकू यायच्या, "ए लातूर, पाणी उकळलं का? परभणी झोपली का?" नवीन माणसाला वाटायचं, आत हवामानाच्या बातम्या चालू आहेत.

पोरींचं एक ठीक, त्या येणार आणि जाणार. पण मी इतकी वर्षं भिंतीपलीकडं राहतोय, मलाही ती "ओ गिरणी" म्हणते. माझ्या बायकोला, सुमनला, "गिरणीच्या वैनी". घोडेगावच्या फेऱ्या मारणारा सलीम म्हणजे "जीप". मला याचा राग यायचा. मी सलीमला म्हणायचो, अरे आपण काय माणसं नाय का? सलीम थंड माणूस. तो म्हणाला, "जीप म्हणती ते बरं हाय राव. टमटम म्हणली असती तर काय केलं असतं?"

सुमननं एकदा तांदूळ निवडता निवडता तिला विचारलं, सिस्टर, नावं का हो घेत नाही कुणाची? तेव्हा ती म्हणाली होती, "नाव घेतलं की माणूस घरात येतं वैनी. आन् ह्या पोरी जायाच्याच असत्यात." सुमननं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, सगळी नाटकं. माझा स्वभावच तसा आहे, तिरका. सुमनला विचारा.

आता बाळ. सिस्टरनं आपल्या जुन्या पांढऱ्या ड्युटीच्या साडीचं एक बाळ शिवलं आहे. हात, पाय, डोकं, सगळं. डोक्यात चिंध्या, अंगात बाजरी. तोंडावर डोळे नाहीत, नाक नाही. पायाच्या बाजूला नाडी, ती सोडली की बाजरी ओतता येते. आणि मान मुद्दाम सैल शिवली आहे. जरा हात चुकला की डोकं मागं लोंबलंच. पोरी यायच्या आधी ती माझ्याकडं यायची आणि बाजरी मोजून घ्यायची, पावणेतीन किलो. मी एकदा म्हटलं, तीन घ्या की, सरळ आकडा. तर म्हणाली, आमच्याकडची बाळं एवढीच भरत्यात, बाया काय वजनकाटा बघून बाळंत व्हत्यात का?

पोस्टिंगभर ते बाळ पोरींच्या कडेवर. पाणी भरायला, घरोघरी फिरायला, बाजारात, जिथं जातील तिथं ते बरोबर. नियम एकच, मान पडता कामा नये. जिच्या हातून पडली तिनं त्या दिवशी सगळ्यांच्या भाकरी थापायच्या. आणि परीक्षक कोण? सगळं गाव. पारावरची म्हातारी माणसं, शाळेची पोरं, सलीम, दळायला आलेल्या बायका, सगळे त्या बाळाच्या मानेवर डोळा ठेवून. जरा डोकं कललं की चारी बाजूंनी ओरड व्हायची, "मान!" माझ्यासारखा माणूस तर चालू गिरणीच्या वरताण आवाजात ओरडायचा. पोरी दचकायच्या. मला बरं वाटायचं.

एकदा दोन पोरी बाळ घेऊन एसटीनं नारायणगावला निघाल्या. गाडीत एका आजीबाईनं लेकुरवाळी समजून जागा दिली, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि तोंड बघायला फडकं सारलं. आत तोंडच नाही. आजीबाई जी किंचाळली, की कंडक्टरनं गाडी थांबवली. शेवटी पोरींनी नाडी सोडून बाजरी दाखवली, सिस्टरची शिकवण्याची रीत सांगितली, तेव्हा गाडी पुढं निघाली. आजीबाईनं बाजरी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाली, दाणा चांगला हाय, पण तुमच्या बाईला डाक्टरला दाखवा.

आणि मी ते दळलं कसं, तर असं. परभणीची एक पोरगी बाळाला फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून माझ्याकडं आली. दळणाच्या डब्यांच्या रांगेत पिशवी ठेवली आणि गेली रेंज शोधायला. लाइट जायची वेळ झालेली, बायका कावलेल्या, माझं डोकं फिरलेलं. मी डबे उचलत होतो आणि ओतत होतो. पिशवीत हात घातला, वर नाडी लागली, नाडी सोडली आणि दिली बाजरी गिरणीच्या तोंडात. रिकामं फडकं झटकायला उचललं तर त्याला दोन हात आणि दोन पाय.

तेवढ्यात सिस्टर दारात. "बाळ कुठंय?"

"दळलं," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

बायका हसून हसून पिठात बसल्या. परभणी रडायला लागली. सिस्टर तेवढी हसली नाही. तिनं गरम पीठ पाहिलं, रिकामं कापड पाहिलं आणि निकाल दिला, "गिरणी नापास. ह्यांच्या हातात पुन्हा बाळ द्यायचं न्हाई." नुसतं बोलून थांबली नाही, तो नियमच करून टाकला. पुढं प्रत्येक पोस्टिंगच्या पोरींना पहिल्या दिवशी माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं जायचं. कुणी पोरगी चुकून "काका, जरा धरता का" म्हणाली, की दुसरी तिला ओढायची. मी म्हणायचो, मला काय हौस पडली आहे चिंध्या धरायची.

पोस्टिंग संपलं की शेवटच्या दिवशी मात्र सिस्टर स्वतः बाळ घेऊन यायची. नाडी सोडून बाजरी ओतायची, मी दळायचो. त्या पिठाच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पोरींना वाटेत खायला. ज्या बाजरीची मान सांभाळली ती पोटात घेऊनच जायचं, अशी तिची रीत. पोरी निघायच्या वेळेला ती जीपपाशी कधीच यायची नाही. नेमकं तेव्हाच तिला स्टोव्ह घासायचा असायचा.

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग बाळंतपणं कमी झाली. रस्ता झाला, ॲम्ब्युलन्स आली, बाया घोडेगावला जायला लागल्या, काही माहेरी नारायणगावकडं. वाईट काही झालं नाही. उलट सिस्टरनंच घरोघरी फिरून, सासवांशी भांडून बायांना दवाखान्याची सवय लावली होती. पण पोरींना शिकायला बाळंतपण दिसलं पाहिजे ना. गेल्या खेपेला कॉलेजच्या मॅडम आल्या, उपकेंद्राच्या ओट्यावर बसल्या आणि स्पष्ट बोलल्या. बाई चांगल्या होत्या, आवाज चढवला नाही. म्हणाल्या, सिस्टर, इथं केस मिळाली नाही तर पुढच्या वर्षापासून मुलींना मोठ्या हॉस्पिटलला पाठवावं लागेल. पोस्टिंग संपताना मी पुन्हा येते, तेव्हा ठरवू.

भिंतीपलीकडून मी ऐकलं. मी काही मुद्दाम कान लावला नव्हता, लाइट नव्हती म्हणून ऐकू आलं.

त्यानंतर सिस्टर जी फिरायला लागली. ज्या घरात बाई गरोदर, त्या घरी रोज फेरी. वरच्या वाडीतली संगीता तेवढी म्हणाली, मी सिस्टरकडंच येणार, माझं पहिलं तिनंच केलंय. सिस्टर त्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायली. आमच्याकडं ती कधी चहा घ्यायची नाही. दोन पोरी होत्या त्या खेपेला, बीड आणि लातूर. दोघींना तिनं इतकं तयार केलं की त्या झोपेतही हात धुवायच्या, असं सुमन म्हणायची.

आणि योग बघा, मॅडम यायच्या दिवशीच सकाळी संगीता कळा देत आली. मॅडम दारात, बाई आत, पोरी तयार. बीडनं कोपरापर्यंत हात धुतलेले. मी सुमनला म्हटलं, जमलं बघ सिस्टरचं. मी गिरणी चालूच केली नाही. आवाजानं घोटाळा नको.

थोड्या वेळानं सिस्टर एकटी बाहेर आली. ओट्याच्या कडेला उभी राहिली. नुसती उभी. तिनं संगीताचं बीपी दोनदा बघितलं होतं, दोन्ही वेळा चढलेलं, पायाची सूज दाबून बघितली होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की ती माझ्याकडं बघतेय आणि तिला मी दिसत नाहीये.

"जीप कुठंय?" ती म्हणाली.

ॲम्ब्युलन्स दुसरीकडं गेलेली. मी पळत जाऊन सलीमला आणला. संगीताला मागं झोपवलं. बीडच्या डोळ्यांत पाणी. ती म्हणाली, सिस्टर, इथंच झालं असतं तर. सिस्टर तिला म्हणाली, "केस तुजी असंल. बाळ तिचं हाय. डोकं धर तिचं, चल."

मॅडमनी काही अडवलं नाही. स्वतः संगीताची चप्पल उचलून जीपमध्ये ठेवली. घोडेगावला ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. संगीताच्या नवऱ्यानं गिरणीवर पेढे आणून दिले. मॅडम जाताना सिस्टरला म्हणाल्या, तुम्ही केलंत ते अगदी बरोबर केलंत, पण मला मुलींचाही विचार करावा लागतो. सिस्टर म्हणाली, "व्हय. मला कळतंय की." पेढा तिनं हातातच धरून ठेवला होता. खाल्ला नाही.

पोस्टिंग संपलं. बाळ रिकामं झालं, मी बाजरी दळली, भाकरी झाल्या. सकाळी सलीमची जीप लागली आणि सिस्टर ठरल्याप्रमाणे आत स्टोव्ह घासायला गेली. जीप हलली. तेवढ्यात आतून सिस्टर पळत आली, हाताला राख, पायात चप्पल नाही, हातात विसरलेलं भाकरीचं गाठोडं.

"प्रतीक्षा! अगं प्रतीक्षा, भाकरी!"

सलीमनं ब्रेक मारला. मी, सुमन, दळणाच्या बायका, सगळे जागच्या जागी. प्रतीक्षा कोण, हेच आम्हाला कळेना. मग बीड जीपमधून उतरली आणि सिस्टरच्या गळ्यात पडली. सिस्टरनं तिला धरलं नाही, हाताला राख होती म्हणून दोन्ही हात लांब धरून उभी राहिली. "वाटंत खा. तशीच ठेवशील, तुजी सवय हाय," एवढं म्हणाली आणि आत गेली. उपकेंद्राचं दार दिवसा कधी लागत नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत लागलेलं होतं.

यंदा पोरी यायच्या सुमाराला सिस्टर नेहमीसारखी आली. मी पावणेतीन किलो मोजली, तिनं बाळ भरलं. कॉलेजचा फोन त्यानंतर आला. यंदा मुली मोठ्या हॉस्पिटलला. तिनं ते सुमनला कुंपणावरून सांगितलं आणि तिच्या हातातली जुडी बघून लगेच विचारलं, मेथी कशी दिली?

मला वाटलं, बाळ रिकामं करील. केलं नाही. उलट स्वतःच घेऊन फिरायला लागली. लसी द्यायला वाडीवर निघाली की खांद्यावर बाळ. पाराजवळून जाताना पूर्वी चारी बाजूंनी "मान" व्हायचं. आता कुणी ओरडत नाही. ओरडणार काय, तिच्या हातून मान पडतच नाही. एक जण गिरणीत म्हणाला, सिस्टरच्या डोक्यावर परिणाम झालाय वाटतं. मी त्याचा डबा तसाच उचलून त्याच्या हातात दिला. म्हटलं, नारायणगावला लई गिरण्या हायेत, तिकडं दळा.

मग एक दिवस ती आली. बाळ काउंटरवर ठेवून म्हणाली, "दळून टाका ओ गिरणी. किडं व्हतील. पोरी काय आता येत न्हाईत."

मी बाळाकडं बघितलं. डोक्याला धुतलेलं टोपडं होतं, नाडी नवीन. मी म्हणालो, पट्टा तुटलाय. आठ दिवसांनी पुन्हा आली. मी म्हणालो, दगड गुळगुळीत झालेत, त्यांना टाकी लावायची आहे, आज दळण बंद. माझ्या मागं दोन बायका गरम पिठाचे डबे डोक्यावर घेऊन निघाल्या होत्या. सिस्टरनं त्यांच्याकडं पाहिलं आणि बाळ खांद्यावर घेऊन निघून गेली. घरी सुमन म्हणाली, अहो, किती दिवस खोटं बोलणार? मी म्हटलं, तुला काय करायचंय, गिरणी माझी आहे.

परवा ती आली तेव्हा गिरणी धडाडत होती. पट्टा फिरतोय, पीठ पडतंय, मी पांढराफटक. तिनं पुन्हा तेच सांगितलं, दळून टाका.

"लाइट न्हाई," मी ओरडून म्हणालो. चालू गिरणीत ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही.

दळणाच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सिस्टरनं फिरणाऱ्या पट्ट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ओठ हलले, पण शब्द कळले नाहीत. मी गिरणी बंद केली. एकदम शांत झालं.

"काय म्हणता?"

"म्हणलं, धरा जरा," ती म्हणाली आणि बाळ काउंटरवरून माझ्याकडं दिलं.

नियम तिचाच होता, माझ्या हातात द्यायचं नाही. मी घेतलं. पिठानं भरलेला माझा डावा पंजा कधी त्या मानेखाली गेला, मला कळलं नाही. खाली बघितलं तेव्हा डोकं माझ्या तळहातावर होतं. जरासुद्धा कललं नव्हतं.

सिस्टर त्या हाताकडं बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसले, उघडउघड, बायकांच्या समोर.

"पास झालात, दत्तूभाऊ," ती म्हणाली आणि दळणाच्या पोत्यावर बसली. सुमन चहा घेऊन येईपर्यंत बाळ तिनं परत मागितलं नाही, आणि मीही दिलं नाही.